वाचकांचे प्रश्न : लष्करातली बढती इतकी संथ का?

सैन्यदलातील नोकरीविषयी वाचकांनी प्रश्न पाठवावेत, असे आवाहन आम्ही गेल्या अंकात केले होते. आलेली बहुतेक पत्रे तरुण अधिकाऱ्यांच्या बढतीविषयी आहेत आणि त्यांतली बरीचशी खुद्द अधिकाऱ्यांनी नव्हे, तर त्यांच्या घरच्यांनी लिहिली आहेत. उत्तरे देणारे सदरलेखक दादरला राहणारे निवृत्त लेफ्टनंट कर्नल आहेत. पत्रलेखकांची नावे त्यांच्या इच्छेवरून छापलेली नाहीत. – संपादक

प्रश्न : माझा मुलगा खडकवासला आणि डेहराडून येथील प्रशिक्षण पुरे करून पाच वर्षांपूर्वी अधिकारी झाला. दोन वर्षांत कॅप्टन झाला, पण त्यानंतर तीन वर्षे काहीच हालचाल नाही. त्याच्या मावसभावाला ऐरोलीच्या आयटी कंपनीत तेवढ्याच काळात तीनदा प्रमोशन मिळाले. आता स्थळे येऊ लागली आहेत आणि मुलीकडची मंडळी 'अजून कॅप्टनच का?' असे विचारतात. त्याची बढती कुठे अडकली आहे का? वर कोणाला भेटून काही होईल का?
– एक आई, डोंबिवली पूर्व

उत्तर : ताई, त्याची बढती अडकलेली नाही. ती तारखेला बांधलेली आहे आणि कोणाला भेटून ती तारीख अलीकडे येत नाही. लेफ्टनंट म्हणून कमिशन मिळाल्या दिवसापासून मोजायचे : दोन वर्षे झाली की कॅप्टन, सहा झाली की मेजर, तेरा झाली की लेफ्टनंट कर्नल. मधल्या 'पार्ट बी' आणि 'पार्ट डी' या खात्याच्या परीक्षा उत्तीर्ण असाव्यात, प्रकृती ठीक असावी आणि शिस्तभंगाचा डाग नसावा, एवढ्याच अटी. तेव्हा पुढच्या वर्षी आपल्या मुलाच्या खांद्यावरचे तीन तारे उतरतील आणि त्यांच्या जागी अशोकचिन्ह येईल. ते चढवण्याचा लहानसा समारंभ युनिटमध्ये होतो आणि एका खांद्यावर सीओ, म्हणजे युनिटचे कमांडिंग ऑफिसर, व दुसऱ्यावर पत्नी ते लावते. लग्न त्याआधी ठरले, तर दुसरा खांदा रिकामा राहणार नाही.

मुलीकडच्यांना आपण आणखी एक सांगू शकता. सातव्या वेतन आयोगाप्रमाणे कॅप्टनचे मूळ वेतन ६१,३०० रुपयांपासून सुरू होते, त्यावर १५,५०० रुपये सैनिकी सेवा वेतन आणि महागाई भत्ता वगैरे वेगळे. मेजरचे मूळ वेतन ६९,४०० पासून आणि लेफ्टनंट कर्नलचे १,२१,२०० पासून. म्हणजे मधली वर्षे नाव तेच राहिले, तरी वेतनवाढ दरवर्षी होतच असते.

मावसभावाशी तुलना मात्र करू नये. कंपनीत पदाचे नाव बदलायला नवे व्हिजिटिंग कार्ड पुरते, लष्करात हुद्दा वाढला की हाताखालची माणसे वाढतात. लेफ्टनंटच्या प्लाटूनमध्ये तीस-पस्तीस जवान असतात आणि मेजरच्या कंपनीत शंभराहून अधिक. ती माणसे सांभाळायला शिकण्यासाठी सहा वर्षे फार आहेत, असे मला कधी वाटले नाही.

आणि आपल्या मुलाची पिढी तशी भाग्यवानच आहे. माझे कमिशन १९८९ चे. त्या काळी कॅप्टन व्हायला पाच आणि मेजर व्हायला अकरा वर्षे लागत आणि लेफ्टनंट कर्नलच्या हुद्द्यासाठी निवड मंडळापुढे जावे लागे. कारगिलच्या युद्धानंतर पल्टनींचे कमांडर वयाने तरुण हवेत हा विचार जोर धरू लागला, अजय विक्रम सिंह यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली आणि तिच्या शिफारशींचा पहिला भाग डिसेंबर २००४ मध्ये अमलात आला. मी तेव्हा पंधरा वर्षांचा जुना मेजर होतो. एका आदेशासरशी माझ्यासारखे कितीतरी मेजर एकाच दिवशी लेफ्टनंट कर्नल झाले आणि आमच्या छावणीतल्या शिंप्याकडे नव्या हुद्द्याची खांद्यावरची चिन्हे आठवडाभर मिळेनात. त्या आठवड्यात पेढे पुष्कळ वाटले गेले. पुढच्या जिन्याची रुंदी वाढलेली नाही, वाढली आहे ती पायथ्याची गर्दी, हे लक्षात यायला थोडा वेळ गेला. आपल्या काळजीला जागा आहेच, पण ती कॅप्टन ते मेजर या पायरीवर नाही. ती कुठे आहे, ते पुढच्या पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

प्रश्न : मी सिग्नल्समध्ये, म्हणजे लष्कराच्या संदेशवहन विभागात, मेजर आहे. सेवेची नऊ वर्षे झाली. घर मुलुंडला आणि नेमणूक सध्या ईशान्येत. पुढची बढती चार वर्षांनी आपोआप मिळणार आहे, मग या चार वर्षांत धडपड करण्यासारखे काय आहे, असा प्रश्न पडतो. स्टाफ कॉलेजची तयारी करावी, स्टडी लीव्ह घेऊन एमबीए करावे, की पेन्शनपुरती वीस वर्षे भरण्याची वाट पाहावी? माझ्या बरोबरीचे अनेक जण याच विचारात आहेत.
– एक मेजर

उत्तर : मेजरसाहेब, आपल्या पत्रातला 'आपोआप' हा शब्द मला खटकला, कारण आपल्या वयाचा असताना मीही तोच वापरत असे. तेराव्या वर्षाचा हुद्दा आपोआप मिळतो हे खरे आहे. पण त्यानंतर कर्नलच्या हुद्द्यासाठी आपली बॅच नंबर ३ सिलेक्शन बोर्डापुढे जाईल आणि त्या मंडळापुढे आपण स्वतः नसाल, आपली कागदपत्रे असतील. आपले नाव आणि ओळखही झाकलेली असेल. मंडळ वाचणार आहे ते आपण आज, नवव्या वर्षी, ईशान्येतल्या त्या डोंगरावर बसून काय करत आहात ते. ज्या वर्षांत बढती दिसत नाही, नेमक्या त्याच वर्षांत ती ठरत असते.

मंडळाच्या गुणांत सर्वांत मोठा वाटा गोपनीय अहवालांचा असतो, म्हणजे आपल्या भाषेत सीआरचा. त्यातही 'क्रायटेरिया अपॉइंटमेंट'चे, म्हणजे कंपनी, बॅटरी किंवा स्क्वाड्रनची कमांड प्रत्यक्ष सांभाळत असतानाचे अहवाल अधिक वजनदार. आपण कंपनी कमांडर असाल किंवा लवकरच व्हाल, तर हीच ती वर्षे. अहवाल तीन हातांतून जातो : इनिशिएटिंग ऑफिसर, म्हणजे बहुधा आपले सीओ, मग रिव्ह्यूइंग ऑफिसर आणि त्यावर सिनियर रिव्ह्यूइंग ऑफिसर. पहिल्याने काय लिहिले ते आपल्याला दाखवतात आणि सही घेतात, वरच्या दोघांचे मत आपल्या नजरेस पडत नाही. गुण नऊपैकी असतात, आणि बाहेरच्या माणसाला नऊपैकी आठ म्हणजे उत्तम वाटेल. पण ज्या रांगेत सगळेच आठ आणि नऊ घेऊन उभे असतात, त्या रांगेत एखादा सातसुद्धा दूरवरून दिसतो.

शब्दांचेही तसेच आहे. मी कंपनी कमांडर असताना माझ्या एका सीओंनी पेन पिक्चरमध्ये, म्हणजे अहवालातल्या शब्दांतल्या वर्णनात, लिहिले होते की, हा अधिकारी शांत आणि विश्वासू असून सोपवलेले काम चोख करतो. त्यांच्या ऑफिसातल्या हिरव्या बनातीच्या टेबलाशी उभा राहून मी ते वाचले, मनोमन खूष झालो आणि सही करून बाहेर आलो. हे वर्णन चांगल्या हेडक्लार्कचे आहे, पल्टन हाती देण्याजोग्या माणसाचे नाही, हे माझ्या ध्यानात यायला दहा वर्षे लागली. सीओंचा हेतू वाईट नव्हता. मी खरोखरच सोपवलेले काम चोख करत होतो आणि न सोपवलेले काही करत नव्हतो.

तेव्हा आपल्या तीन पर्यायांविषयी माझे मत असे. स्टाफ कॉलेजची परीक्षा द्यावी आणि ती याच वर्षांत द्यावी. हे कॉलेज तमिळनाडूत वेलिंग्टनला आहे. तिथला कोर्स जवळपास वर्षभराचा असतो, तिथे नौदल, हवाईदल आणि परदेशी अधिकाऱ्यांबरोबर शिकायला मिळते, मद्रास विद्यापीठाची एम.एस्सी. पदवी मिळते आणि निवड मंडळापुढच्या कागदावर त्या कोर्सची नोंद होते. तो केला म्हणून कर्नलपद नक्की झाले, असे नाही. वेलिंग्टनहून आलेले आणि मंडळात अडकलेले अधिकारी मी पाहिले आहेत. एमबीएसाठी स्टडी लीव्ह घ्यायला हरकत नाही, पण कमांडचे अहवाल पदरात पडल्यावर घ्यावी, आधी नव्हे. कमांडच्या ऐन वर्षांत दोन वर्षे कॅम्पसवर घालवली, तर पदवी हाती येईल आणि अहवालांच्या जागी पोकळी राहील. वीस वर्षे भरण्याची वाट पाहणे हा मात्र मला पर्यायच वाटत नाही. नवव्या वर्षी घड्याळाकडे पाहू लागलेला अधिकारी आधी जवानांच्या लक्षात येतो, मग सीओंच्या.

सिग्नल्सविषयीही थोडे लिहितो, कारण आपल्या मेसमध्ये हा विषय निघत असणारच. कर्नलपर्यंतची निवड आपापल्या आर्म किंवा कोअरच्या जागांवर होते. २००९ च्या धोरणाने इन्फन्ट्री आणि आर्टिलरीतल्या कमांडची मुदत इतरांपेक्षा कमी धरली, त्यामुळे तिथल्या जागा लवकर मोकळ्या होऊ लागल्या आणि इतरांना हा अन्याय वाटला. वाद सशस्त्र सेना न्यायाधिकरणातून सर्वोच्च न्यायालयात गेला आणि तिथे २०१६ मध्ये निकाल लागला. त्याची चर्चा मेसमध्ये खुशाल करावी, मात्र आपल्या मंडळात स्पर्धा आपल्याच बॅचच्या सिग्नल्सवाल्यांशी आहे, शेजारच्या पल्टनीशी नाही.

प्रश्न : मी मंत्रालयातून निवृत्त झालो. माझ्या पाहण्यातले सनदी अधिकारी पस्तिशीत जिल्हाधिकारी होतात आणि पुढेही बढत्या घेत राहतात. सैन्यातला तेवढ्याच वयाचा हुशार मुलगा एकाच हुद्द्यावर दहा-बारा वर्षे का राहतो? इंग्रजांच्या काळीही असेच होते का?
– एक वाचक, विलेपार्ले

उत्तर : इंग्रजांच्या काळी याहून वाईट होते, निदान आपल्या लोकांसाठी. पुढे पहिले भारतीय लष्करप्रमुख झालेल्या करिअप्पांना कमिशन १९१९ मध्ये मिळाले आणि पल्टनीची कमांड १९४२ मध्ये. ती मिळालेले ते पहिले भारतीय. कोल्हापूरचे एस. पी. पी. थोरात १९२६ मध्ये इंग्लंडातल्या सँडहर्स्टच्या लष्करी अकादमीतून बाहेर पडले आणि पंजाब रेजिमेंटची पल्टन घेऊन आराकानात लढले ते १९४५ मध्ये. महायुद्ध झाले नसते, तर त्यांनाही आणखी किती थांबावे लागले असते, कोण जाणे.

आजचे कारण वेगळे आहे. सैन्याची रचना पिरॅमिडची आहे आणि ती तशीच असावी लागते, कारण एका पल्टनीला कमांडर एकच असतो. तेराव्या वर्षी लेफ्टनंट कर्नल झालेला आणि मंडळात न निवडला गेलेला अधिकारी सव्विसाव्या वर्षी टाइम स्केलने, म्हणजे निवडीशिवाय केवळ सेवेच्या वर्षांवर, कर्नल होतो. बाविसाव्या वर्षी कमिशन मिळाले असेल, तर पस्तीस ते अठ्ठेचाळीस हे सगळे वय एकाच हुद्द्यावर जाते आणि निवृत्ती चोपन्नाव्या वर्षी. निवड होत गेली, तर ब्रिगेडियर छप्पन्न, मेजर जनरल अठ्ठावन्न आणि लेफ्टनंट जनरल साठाव्या वर्षी निवृत्त होतो.

या रचनेबद्दल माझी तक्रार नाही, तिची भरपाई न करण्याबद्दल आहे. सहाव्या वेतन आयोगापासून केंद्राच्या संघटित गट 'अ' सेवांना 'नॉन-फंक्शनल अपग्रेडेशन' मिळाले : पद रिकामे नसले, तरी आयएएसच्या ठरावीक बॅचला केंद्रात वरची श्रेणी मिळाली की इतर सेवांतल्या दोन वर्षे ज्येष्ठ बॅचला तेवढे वेतन मिळते. लष्कराला हे मिळाले नाही, आणि सातव्या आयोगाच्या सदस्यांत यावर एकमत झाले नाही. ज्यांना जागेअभावी थांबावे लागते, त्यांनाच यातून वगळण्याचे समर्थन मला आजवर कोणी पटवून देऊ शकलेले नाही. मंत्रालयातल्या आपल्या जुन्या सहकाऱ्यांपैकी कोणाला ते ठाऊक असल्यास जरूर कळवावे.

प्रश्न : माझी चेन्नईच्या ओटीएसाठी, म्हणजे अधिकारी प्रशिक्षण अकादमीसाठी, शॉर्ट सर्व्हिस कमिशनवर निवड झाली आहे. बाबा म्हणतात, चौदा वर्षांत बाहेर पडायचेच आहे तर बढतीचा विचार कशाला? आणि मुलींना कमांड मिळते का?
– एक वाचक, वसई

उत्तर : सर्वप्रथम अभिनंदन. वयाच्या अधिकाराने 'तू' म्हणतो. दोन, सहा आणि तेरा वर्षांचा हिशेब शॉर्ट सर्व्हिसलाही तोच आहे. पहिली मुदत दहा वर्षांची असते आणि दहाव्या वर्षी तीन वाटा असतात : कायम कमिशन मागायचे, चार वर्षांची मुदतवाढ घ्यायची किंवा बाहेर पडायचे. मुदतवाढीच्या काळात राजीनामाही देता येतो. चौदा वर्षांनी बाहेर पडणाऱ्याला ग्रॅच्युइटी मिळते, पेन्शन नाही, कारण अधिकाऱ्याच्या पेन्शनला वीस वर्षे लागतात. चौदा वर्षे पूर्ण केलीस, तर लेफ्टनंट कर्नल होऊन शेवटचे वर्ष त्या हुद्द्यावर काढशील.

बाबांचा मुद्दा मला पटत नाही. कायम कमिशन द्यायचे की नाही, हे पहिल्या दहा वर्षांच्या कागदांवरूनच ठरते, म्हणून कमिशनच्या दिवसापासून मोजले, तर तुझ्याकडे मुलुंडच्या मेजरसाहेबांपेक्षाही कमी अवधी आहे. कमांडचे म्हणशील, तर सर्वोच्च न्यायालयाने १७ फेब्रुवारी २०२० च्या निकालात स्त्रियांना कायम कमिशनचा हक्क मान्य केला आणि कमांडच्या नेमणुकांतून त्यांना सरसकट वगळणे चुकीचे ठरवले. त्यानंतर स्त्री अधिकारी कर्नल होऊन युनिटची कमांड घेऊ लागल्या. पायदळ आणि रणगाडादल अजून त्यांना खुले नाही, हेही माहीत असू दे.

प्रश्न : माझा मुलगा लेफ्टनंट कर्नल आहे. कर्नलच्या मंडळात त्याची निवड झाली नाही. तो काही बोलत नाही, सुट्टीवर येणेही टाळतो आहे. कोर्टात जावे का? मुंबईत ते शक्य आहे का?
– एक वडील, गिरगाव

उत्तर : शक्य आहे. सशस्त्र सेना न्यायाधिकरण २००७ च्या कायद्याने स्थापन झाले आणि त्याचे एक खंडपीठ मुंबईतच आहे. पण तिथे थेट जायचे नसते. आधी खात्यातली तक्रार, ज्याला 'नॉन-स्टॅच्युटरी' म्हणतात, मग लष्करी कायद्याच्या कलम २७ खाली केंद्र सरकारकडे 'स्टॅच्युटरी' तक्रार, आणि तिथेही दाद मिळाली नाही तर न्यायाधिकरण. अंतिम आदेशानंतर अर्जाला सहा महिन्यांची मुदत असते, ती चुकवू नये.

खर्चात पडण्यापूर्वी मुलाने स्वतःला एकच प्रश्न विचारावा : इतर सर्व अहवालांशी विसंगत असा एखादा अहवाल आहे का, ज्यात पूर्वग्रह दाखवून देता येईल? असेल, तर तो रद्द होऊन पुन्हा विचार करण्याचा आदेश मिळू शकतो. न्यायालय मात्र स्वतः गुण देऊन कोणाला कर्नल करत नाही. सगळेच अहवाल बरे आहेत आणि तरीही निवड झाली नाही, असे असेल, तर जागा कमी होत्या एवढाच त्याचा अर्थ, आणि त्यावर खटला उभा राहत नाही. शिवाय हा कितवा विचार होता, तेही विचारावे. पहिल्या वेळेनंतर पहिला आणि अंतिम असे दोन फेरविचार मिळतात. ज्येष्ठता घसरते, पण दार लगेच बंद होत नाही.

त्याच्या न बोलण्याविषयी मात्र मी थोड्या अधिकाराने लिहू शकतो. माझा निकाल आला तेव्हा मी गणपतीसाठी दादरला घरी होतो. बॅचमेटचा फोन आला, 'रिझल्ट आलाय' एवढे म्हणून तो गप्प झाला आणि त्या गप्प होण्यातच मला कळले. आई उकड मळत होती. तिने विचारले, कोणाचा फोन? मी म्हटले, युनिटचा. मग तिच्या शेजारी बसून एकवीस मोदकांच्या पाऱ्या मी घातल्या, आयुष्यात पहिल्यांदाच. तिने त्या पुन्हा सारख्या केल्या आणि काही विचारले नाही. पुढे माझ्याहून दोन बॅच ज्युनिअर असलेला अधिकारी माझा सीओ म्हणून आला. पहिल्या दिवशी सॅल्यूट मी केला, आणि ऑफिसचे दार बंद झाल्यावर 'सर, बसा' असे तो मला म्हणाला. त्या 'सर'वर मी पुढची अडीच वर्षे काढली आणि बावीस वर्षांच्या सेवेनंतर पेन्शन घेऊन बाहेर पडलो.

आपल्या मुलाच्या मनात आज निकालापेक्षा तो सॅल्यूट असेल. तेव्हा त्याला सुट्टीवर बोलवाल ते निकालाचे बोलण्यासाठी नको. घराच्या कामाचे काही निमित्त काढा, जिन्याचा दिवा, बँकेचा कागद, काहीही. तक्रारीची मुदत किती उरली आहे, ते त्याला स्वतःला नीट ठाऊक असेल.